अदृश्य बंधुमंडळ आणि प्रकट विद्या



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुवर्यांच्या सहवासात मी या शाळेत प्रथम विद्यार्थी म्हणून आणि पुढे सहकारी म्हणून अनेक वर्षे वावरलो. आज मी बोलणार आहे ते सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात गाजलेल्या एका गुप्त मंडळाविषयी. विषय दूरच्या देशाचा आणि दूरच्या काळाचा आहे. तो निवडण्यामागे एक जुने ऋण आहे. ते प्रथम सांगितले पाहिजे.

शिक्षक म्हणून ते माझे दुसरे वर्ष होते. नववीच्या वर्गाला युरोपातील प्रबोधनकाळ शिकवताना मी रंगात आलो आणि सांगून टाकले की, गुलाब व क्रूस हे चिन्ह धारण करणारे किमयागार तत्त्वज्ञांचे एक गुप्त मंडळ त्या काळी होते, देकार्त त्याचा सभासद होता, न्यूटनही होता, आणि आधुनिक विज्ञानाची सूत्रे पडद्याआडून तेच हलवीत होते. वर्ग अगदी भारावून गेला. मधल्या सुटीत गुरुजींनी मला विचारले, “हे कशावरून?” मी पुस्तकाचे नाव सांगितले. “आणि त्या पुस्तकाने ते कशावरून लिहिले?” मी म्हणालो, “मंडळ गुप्त होते. त्याचा पुरावा कसा राहील?” गुरुजी शांतपणे म्हणाले, “मग ते होते, हे तुला कसे कळले?” दुसऱ्या दिवशी वर्गापुढे उभे राहून, काल सांगितलेल्या गोष्टीला माझ्याजवळ आधार नाही, असे मला म्हणावे लागले. ती शरम मी विसरलो नाही. पुढे सवड मिळेल तसे मी या मंडळाविषयी वाचीत गेलो. त्या वाचनाचा निष्कर्ष आज आपल्यापुढे ठेवतो.

किमया हा शब्द आपल्या बोलण्यात सहज येतो. तो अरबी-फारसीतून मराठीत आला. तोच अरबी शब्द स्पेनमार्गे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपीय भाषांतील किमया व रसायनशास्त्र या दोन्ही विद्यांची नावे त्यातूनच निघाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या दोन विद्या अजून वेगळ्या झालेल्या नव्हत्या. धातूंचे शोधन, तेजाबाने सोन्यारुप्याची फारकत, औषधांचे ऊर्ध्वपातन आणि परिसाचा शोध हे सारे एकाच भट्टीवर चालत असे. त्या विद्येची भाषा मुद्दाम गूढ ठेवलेली असे. हिरवा सिंह, कावळा, राजाराणीचा विवाह अशी नावे द्रव्यांना आणि प्रक्रियांना दिली जात, म्हणजे अनधिकारी माणसाच्या हाती ग्रंथ पडला तरी कृती पडू नये. ही भाषा म्हणजे निव्वळ भ्रम होता असे एके काळी मानले जाई. परंतु लॉरेन्स प्रिन्सिप आणि विल्यम न्यूमन या अभ्यासकांनी अलीकडच्या काळात त्यांतील काही सांकेतिक कृती उलगडून प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करून पाहिल्या. सोने त्यातून निर्माण झाले नाही. पण ग्रंथात वर्णिलेले रंग आणि झाडासारखे वाढणारे धातूचे आकार मात्र दिसले. म्हणजे त्या रूपकांच्या मागे हाताने केलेले खरे काम होते.

या विद्येभोवती राजेरजवाड्यांचा लोभही होता. प्रागमधील सम्राट दुसरा रुडॉल्फ याचा दरबार किमयागारांचा मोठा आश्रय होता. लोभाची दुसरी बाजू भयंकर असे. व्हुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याच्या ड्यूकने लोखंडाचे सोने करून देण्याचे वचन मोडणाऱ्या गेओर्ग होनाउअर या किमयागाराला १५९७ मध्ये श्टुटगार्ट येथे लोखंडी फाशीखांबावर लटकावले. त्या वेळी त्याच राज्यात एक दहा वर्षांचा मुलगा वाढत होता. योहान व्हालेंटिन आंद्रेए हे त्याचे नाव. त्याचे आजोबा ट्यूबिंगेन विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले नामांकित ल्यूथरपंथी धर्मशास्त्री होते. वडील धर्मोपदेशक असून त्यांना किमयेचा नाद होता. त्यांच्या निधनानंतर आई श्टुटगार्टच्या राजवाड्यातील औषधशाळा सांभाळू लागली. हे नाव आपण लक्षात ठेवावे.

१६१४ साली कासेल या गावी व्हिल्हेल्म वेसेल नावाच्या मुद्रकाने एक लहानसे जर्मन पुस्तक छापले. ‘फामा फ्रातेर्निटाटिस’, म्हणजे ‘बंधुमंडळाची कीर्ती’, हा त्यातील मुख्य लेख. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. त्यात सांगितलेली कथा थोडक्यात अशी. गरीब पण कुलीन घराण्यातला एक जर्मन मुलगा पाचव्या वर्षी मठात ठेवला गेला. तारुण्यात तो यात्रेसाठी पूर्वेकडे निघाला, दमास्कसला पोचला, अरबस्तानातील विद्वानांजवळ गणित व निसर्गविद्या शिकला आणि मिसरमार्गे फेझ नगरीत गेला. तेथील विद्वान दरवर्षी एकत्र जमून आपापले नवे शोध एकमेकांना सांगतात, हे पाहून तो प्रभावित झाला. स्पेनमध्ये येऊन त्याने आपले ज्ञान देऊ केले तेव्हा तेथील पंडित हसले. कारण इतकी वर्षे आपण चुकत होतो हे मान्य करणे त्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा मायदेशी परतून त्याने आधी तीन व नंतर आणखी चार सोबती घेतले आणि बंधुमंडळ स्थापले.

या मंडळाचे नियम सहा. रोग्यांना बरे करण्याखेरीज दुसरा व्यवसाय सांगू नये आणि तेही विनामूल्य करावे. विशिष्ट वेश धारण करू नये. ज्या देशात राहावे तेथील रीत पाळावी. वर्षातून एकदा ठरल्या दिवशी भेटावे किंवा न येण्याचे कारण कळवावे. प्रत्येकाने आपला लायक वारस शोधावा. संस्थापकाच्या नावाची आद्याक्षरे हीच मंडळाची खूण असावी. आणि मंडळ शंभर वर्षे गुप्त ठेवावे. संस्थापकाच्या मृत्यूनंतर १२० वर्षांनी एका भिंतीआड सात भिंतींची खोली सापडली आणि तिच्यात त्याचा न कुजलेला देह व ग्रंथ मिळाले, असे पुस्तक सांगते. पुढील वर्षी निघालेल्या ‘कन्फेस्सिओ’ या दुसऱ्या पत्रकात त्याचा जन्म १३७८ चा आणि आयुष्य १०६ वर्षांचे दिले आहे. म्हणजे समाधी उघडल्याचे वर्ष १६०४ येते. आकाशात नवा तारा प्रकटला आणि केप्लरने त्याचा अभ्यास केला, तेच हे वर्ष. तिसरे पुस्तक, ‘ख्रिश्चन रोझेनक्रॉइट्सचा किमयाविवाह’, १६१६ मध्ये श्ट्रासबुर्ग येथे छापले गेले. संस्थापकाच्या नावातच गुलाब आणि क्रूस आहेत. त्यावरून मंडळींना रोझिक्रूशन हे नाव पडले.

यातील दोन गोष्टींकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. पहिली अशी की, सोने करण्याच्या उद्योगाला ‘फामा’ने स्पष्ट शब्दांत शाप दिला आहे. किमया जाणणाऱ्याला सोने क्षुल्लक वाटते, त्याच्या हाती याहून मोठ्या गोष्टी असतात, असे ते सांगते. होनाउअरच्या फाशीखांबाची आठवण ज्या राज्यात ताजी होती तेथूनच हे विचार आले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हे पुस्तक गुप्त मंडळाचे असूनही ते छापलेले आहे. आणि युरोपातील विद्वानांनी त्यावरचे आपले मत छापूनच कळवावे, असे त्याचे आवाहन आहे. पत्ता दिलेला नाही. जो आपले नाव प्रकट करील त्याच्याशी मंडळ आपण होऊन संपर्क साधील, एवढेच आश्वासन आहे.

या आवाहनाला मिळालेला प्रतिसाद थक्क करणारा होता. पुढील दहा-बारा वर्षांत शेकडो पुस्तके व पत्रके निघाली. सम्राट रुडॉल्फचा वैद्य राहिलेल्या मिखाएल मायरने मंडळाची बाजू मांडली. इंग्लंडच्या रॉबर्ट फ्लडने १६१६ मध्ये त्याचे समर्थन छापले. आंद्रेआस लिबाव्हियस हा रसायनविद्येचा जाणता अध्यापक मात्र विरोधात उभा राहिला; विद्या गूढ न ठेवता शाळेत शिकविता येईल अशी मांडली पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. कोणी मंडळात प्रवेश मागत होते, कोणी त्याला सैतानाचे कारस्थान म्हणत होते. मंडळाकडून खात्रीचे उत्तर मात्र कोणालाही आले नाही.

१६२३ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर भित्तिपत्रके लागली. रोझिक्रूशन बंधू नगरात आले असून ते दृश्य आणि अदृश्य अशा दोन्ही रूपांनी वावरत आहेत, अशा आशयाचा मजकूर त्यांवर होता. नगरात खळबळ उडाली. गाब्रिएल नोदे या तरुण विद्वानाने त्याच वर्षी पुस्तक लिहून या अफवेची चिकित्सा केली. नेमका त्याच सुमारास देकार्त पॅरिसला परतला होता. जर्मनीत असताना त्याने या मंडळींचा शोध घेतला होता आणि त्याला एकही बंधू भेटला नव्हता. तरी तो त्यांच्यापैकीच आहे अशी वदंता पसरली. त्याचा चरित्रकार बाये सांगतो की, देकार्तने मित्रांना भेटत लोकांत उघडपणे फिरून ती वदंता खोटी पाडली. बंधू अदृश्य असतात म्हणतात, आणि हा तर सर्वांना दिसत होता. मी ज्याला वर्गात सभासद करून टाकले होते, त्या देकार्तची ही हकीकत आहे.

मग हे सारे लिहिले कोणी? आंद्रेए याने आत्मचरित्रात ‘किमयाविवाह’ आपण कोवळ्या वयात लिहिल्याचे मान्य केले आहे आणि त्याला एक खेळ, एक विनोद म्हटले आहे. ‘फामा’चे कर्तृत्व त्याने कधीच कबूल केले नाही. परंतु ट्यूबिंगेन येथे टोबियास हेस या वैद्याभोवती जमलेल्या मित्रांच्या मंडळीतून ती पत्रके निघाली आणि त्यांत आंद्रेएचा मोठा वाटा होता, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. हेस १६१४ मध्येच वारला. शंभर वर्षे टिकलेले, खोलीत देह जपून ठेवणारे असे मंडळ कधी अस्तित्वात असल्याचा पुरावा मिळालेला नाही. काही मित्रांनी एकत्र बसून, विद्वानांनी कसे वागावे याची एक कथा रचली आणि ती खरी मानली गेली, हेच सत्याच्या अधिक जवळ जाणारे आहे.

विनोद म्हणून हे सोडून द्यावे, तर एक माणूस आड येतो. त्याचे नाव आडाम हासल्मायर. हा टिरोलमधला, एके काळचा शाळामास्तर आणि संगीतज्ञ, पॅरासेल्ससच्या वैद्यकाचा निष्ठावंत अनुयायी. ‘फामा’ छापली जाण्यापूर्वी हस्तलिखित रूपाने फिरत होती. ती हासल्मायरच्या हाती आली, त्याने तिच्यावर अक्षरशः विश्वास ठेवला आणि १६१२ मध्ये बंधूंना उद्देशून छापील उत्तर लिहिले. परिणामी तो पकडला गेला आणि साखळदंडांनी जखडून त्याला गलबतावर वल्ही मारण्याच्या शिक्षेवर पाठविण्यात आले. वल्ह्यावर त्याची काही वर्षे गेली. १६१४ च्या छापील पुस्तकात त्याचे ते उत्तरही जोडलेले आहे, आणि जेझुइटांनी त्याला या उत्तरापायी गलबतावर जखडले, ही गोष्ट मुखपृष्ठावरच सांगितलेली आहे.

ज्या बंधूंना त्याने हाक मारली ते नव्हतेच. त्याच्यासाठी कोणी आले नाही. येणार तरी कोण? ज्यांनी कथा रचली ते सुखरूप विद्यापीठात होते आणि ज्याने ती खरी मानली तो वल्हे ओढीत होता. आंद्रेएने पुढे १६१९ च्या ‘बाबेलचा मनोरा’ या संवादांतून या सगळ्या खटाटोपाची थट्टा केली. ती वाचताना मला हासल्मायर आठवतो आणि हसू येत नाही. शिक्षकाने, लेखकाने किंवा वक्त्याने आकर्षक पण निराधार गोष्ट सांगितली, तर तिची किंमत सांगणारा देत नाही, ऐकणारा देतो. माझ्या नववीच्या वर्गाने अशी किंमत दिली नाही, कारण गुरुजींनी मला दुसऱ्याच दिवशी थांबविले.

तथापि एवढ्यावर थांबणे आंद्रेएवर अन्याय होईल. आपली कथा हातातून निसटली हे ओळखून त्याने नाव लावून लिहिण्यास आरंभ केला. १६१९ मध्ये त्याने ‘ख्रिस्तियानोपोलिस’ या आदर्श नगरीचे वर्णन छापले. त्या नगरीत शाळा आहे, औषधशाळा आहे, आणि नागरिकांना उघडपणे प्रयोग करून पाहता येईल अशी रसायनशाळा आहे. १६२० मध्ये तो काल्व या गावी धर्माधिकारी म्हणून गेला. तेथील कापड व रंगाच्या व्यापाऱ्यांना एकत्र आणून त्याने १६२१ मध्ये एक निधी उभारला. गरिबांना, रोग्यांना आणि विद्यार्थ्यांना त्यातून साहाय्य मिळे. रोग्यांची सेवा विनामूल्य करावी, हा अदृश्य बंधूंचा पहिला नियम त्या दृश्य व्यापाऱ्यांनी काही अंशी प्रत्यक्षात आणला. पुढे तीस वर्षांच्या युद्धात, न्योर्डलिंगेनच्या लढाईनंतर, १६३४ मध्ये काल्व जाळले गेले. त्यात आंद्रेएचा ग्रंथसंग्रहही गेला. तरी तो गावाच्या मदतीसाठी खपत राहिला. १६५४ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या विचारांचा धागा पुढे गेला तोही उघड मार्गाने. मोराव्हियाचा निर्वासित शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने आंद्रेएशी पत्रव्यवहार केला. कोमेनियसच्या १६२३ च्या ‘जगाचा चक्रव्यूह’ या ग्रंथात रोझिक्रूशनांवर एक मार्मिक प्रकरण आहे. ज्ञानाच्या बंद पेट्या मोठ्या किमतीला विकल्या जातात. धीर न धरवून कोणी उघडून पाहिले तर आत काहीच नसते. आणि विकणारा म्हणतो, अधिकारी पुरुषालाच ते दिसते. हाच कोमेनियस १६४१ मध्ये सॅम्युएल हार्टलिब याच्या निमंत्रणावरून लंडनला गेला. हार्टलिबच्या परिवारातून आंद्रेएच्या विद्वत्संघाविषयीच्या दोन लहान पुस्तिका १६४७ मध्ये इंग्रजीत आल्या. त्याच सुमारास तरुण रॉबर्ट बॉइल आपल्या पत्रांतून एका ‘अदृश्य विद्यापीठा’चा उल्लेख करतो. यावरून रोझिक्रूशनांतूनच रॉयल सोसायटी जन्मली असा सरळ वंशवृक्ष काढण्याचा मोह होतो. फ्रान्सिस येट्स या विदुषीने १९७२ च्या आपल्या ग्रंथात असा दुवा मोठ्या कौशल्याने सुचविला. पण नंतरच्या अभ्यासकांनी तिच्या अनेक अनुमानांवर आक्षेप घेतले आहेत, आणि ते मला योग्य वाटतात. इतके निश्चित म्हणता येईल की, १६६० मध्ये लंडनला स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या सभासदांची नावे जाहीर होती आणि १६६५ पासून तिच्या सचिवाने शोधांचे नियतकालिक छापण्यास आरंभ केला. बॉइल आणि न्यूटन दोघेही किमयेचे प्रयोग करीत. न्यूटनजवळ ‘फामा’चे १६५२ चे इंग्रजी भाषांतर होते, त्याने त्यात टिपण केले आहे, आणि ते त्या साऱ्या प्रकाराला फसवणूक म्हणते. माझ्या वर्गातील दुसऱ्या ‘सभासदा’चे मत हे असे होते.

कथेचा उत्तरार्ध अठराव्या शतकात घडला. या वेळी मात्र मंडळ खरोखर स्थापन झाले. ‘सुवर्ण-गुलाब-क्रूस’ नावाचा संघ जर्मन राज्यांत पसरला. त्यात नऊ पायऱ्या होत्या, वरिष्ठ अज्ञात असत, आज्ञापालनाची शपथ होती आणि किमयेचे प्रयोगही होते. प्रशियाचा युवराज १७८१ मध्ये त्यात सामील झाला आणि १७८६ मध्ये दुसरा फ्रीडरिश व्हिल्हेल्म म्हणून गादीवर आला. संघातील त्याचा सोबती व्योल्नर मंत्री झाला. १७८८ मध्ये या मंत्र्याने धर्मविषयक फर्मान काढून उपदेशकांना ठरीव मताबाहेर बोलण्यास बंदी केली, आणि त्याच वर्षी ग्रंथांवर तपासणी बसविली. १७९४ मध्ये सत्तरीतल्या इमॅन्युएल कांटला धर्मावरील लेखनाबद्दल राजाज्ञेने तंबी मिळाली. राजा हयात असेपर्यंत त्या विषयावर कांटने मौन पाळले.

मित्रहो, हा विरोधाभास मला विचार करायला लावतो. जे मंडळ नव्हते, त्याच्या नावाने लोक लिहू, छापू आणि वाद घालू लागले. विद्येची दारे किलकिली झाली. जे मंडळ खरोखर होते, त्याने सत्ता हाती येताच तीच दारे लावून घेतली. दोन्हींच्या चिन्हात गुलाब होता, क्रूस होता, दोन्हींच्या ओठी तीच पूर्वेकडची विद्या होती. फरक एवढाच की, पहिल्यांनी आपले म्हणणे छापून तपासणीसाठी लोकांपुढे टाकले आणि दुसऱ्यांनी लोकांचे म्हणणे छापण्यापूर्वी तपासून अडविले. गुप्ततेमुळे कोणतीही विद्या वाढल्याचे मला या इतिहासात आढळले नाही. किमयागारांच्या ज्या कृती आज उलगडल्या त्यासुद्धा कोणी तरी वहीत उतरवून मागे ठेवल्या म्हणून उलगडल्या.

माझ्या आजोबांना डोळ्यांवरचे एक अंजन ठाऊक होते. त्याला गुण होता असे घरचे सांगत. कृती त्यांनी कोणाला सांगितली नाही, आणि ती त्यांच्याबरोबर गेली. ते अंजन खरोखर गुणकारी होते की नव्हते, हे तपासून पाहण्याची वाटही तिच्याबरोबर गेली.

गुरुजींच्या टिपणवह्या शिक्षकांच्या खोलीतील कपाटात असत. त्या कपाटाला कुलूप नव्हते. कोणीही वही न्यावी, उतरवून घ्यावी, आणि चूक सापडल्यास समासात पेन्सिलीने लिहावी, असा त्यांचा नियम होता. माझ्या हातच्या तीन दुरुस्त्या त्यांत आहेत. दोन त्यांनी मान्य केल्या आणि तिसरीपुढे ‘कशावरून?’ असे लिहून ठेवले. त्या तिसरीचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून ती मी स्वतःच खोडली.

विद्यार्थी मित्रांनो, गुप्त मंडळांच्या आणि त्यांच्या हातातील अदृश्य सूत्रांच्या गोष्टी तुमच्याही कानी येत राहतील. त्या ऐकाव्यात, त्यांत रमावे. पण त्या दुसऱ्याला खऱ्या म्हणून सांगण्यापूर्वी गुरुजींचा एका शब्दाचा प्रश्न स्वतःला विचारावा.